दाखलखारीज

कपाशी फुटली की नववीचा अर्धा वर्ग वावरात असतो.
अशाच एका रिकाम्या दुपारी
शाळेचं जुनं दाखलखारीज रजिस्टर
मी संगणकावर चढवायला घेतलं.
कडा उधईनं खाल्लेल्या, शाई शाबूत.

या रजिस्टरसाठी
माणसं सुरतेहून, पुण्याहून सावरगोंदीला परत येतात,
जात पडताळणी, निराधार योजना, कोर्टाचं काम.
खिडकीशी चपला काढून उभी राहतात.
कोणी सांगितलेलं नाही, तरी काढतात.

बाकी तालुक्यात जा,
गावंच्या गावं एक जूनला जन्मलेली.
गुरुजींना पट भरायची घाई असायची.
आमच्या रजिस्टरात एक जून एकही नाही,
कारण सिस्टर एमेरेन्सिया एक्का
सायकल ढकलत पोडावर जायची, तांड्यावर जायची,
बाजेवर टेकून विचारायची, कवा झालं हे लेकरू?
तिच्या वऱ्हाडीला जशपूरची माती लागलेली.
आयांनी सांगितलं ते समासात आहे, पेन्सिलीनं:
‘गारा पडल्या, त्याच्या आठ दिसानं.’
‘पोयाच्या करीले.’
‘तूर सोंगत होती मी. धुऱ्यावरच झाली.’
‘मोह गळत होता.’
आणि समोर शाईनं तारीख.

फादर लिजो नवे, कोट्टायमचे.
पडद्यावरच्या तारखा वाचता वाचता हसले,
मग हसायचे थांबले.
‘बाबूजी, हे सगळे संतांचे दिवस आहेत.’

अवधूत वाढईला एकोणीस मार्च, सुतार जोसेफचा.
डोळ्यांनी अधू सायत्रा आत्रामला तेरा डिसेंबर,
म्हणजे लुसी, जिच्याकडे डोळ्यांसाठी मागणं मागतात.
मला तीन जुलै.
आई म्हणाली होती, दुबार पेरणीच्या वक्ताचा.
‘थॉमस,’ फादर म्हणाले,
‘जखमेत बोट घातल्याशिवाय न मानणारा.’

नाव घालायला आलो त्या दिवशी
भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट करून मी विचारलं होतं,
थो खराच मेला होता का?
आईनं चिमटा काढला.
सिस्टरनं टोपण उघडून काहीतरी लिहिलं.

आमच्या घरी भिंतीवर बुद्ध आहे.
त्या रात्री जेवताना मला राग आला, थोडा.
आईला एकदा विचारायला हवं होतं तिनं.
मग आठवलं,
आईला विचारायला तीच एक आली होती.

मी फक्त अवधूतला सांगितलं.
त्यानं रंधा थांबवला नाही.
‘मंग? आता बदलाची का?
निराधारचे पैसे त्याच तारखेवर लागले ना बावा.’
बराच वेळ नुसता भुसा पडत राहिला.
‘थो बी वाढईच होता म्हनता?’

सिस्टर गेली तेव्हा
प्रयोगशाळेमागे, सीताफळाखाली पुरली.
दगडावर घालायला जन्मतारीख हवी,
म्हणून मी तिचं सेवापुस्तक काढलं.
एक जून एकोणीसशे छत्तीस.

म्हणजे तिच्या आईच्या अंगणात
सायकल ढकलत कोणी गेलं नव्हतं.

अवधूतनं विचारलं, दगडावर काय घालता?
मी म्हणालो, पाहू.
दगड अजून कोराच आहे.
पोरं त्याच्यावर बसून डबा खातात.

संगणकाला समास नसतो.
मी एक जादा रकाना केला आहे,
त्यात आयांचे शब्द टाकतो, जसेच्या तसे.
प्रणाली विचारते, हे क्षेत्र आवश्यक आहे काय?
मी ‘होय’ दाबतो.
आज ‘पोयाच्या करीले’पर्यंत आलो.
बाहेर शेवटची घंटा झाली आहे,
आणि वावरातली पोरं दप्तराशिवाय,
हाताला कापूस चिकटलेला,
सरळ खो-खोला आली आहेत.