वीस निरोपांची जागा

बाचीच्या माळाखाली, रवळूमामाच्या विहिरीवर
मी जेवणाचा एक डबा टांगला आहे.
ॲल्युमिनियमचा. झाकणाला दोन भोकं,
एकातून अँटेना, दुसऱ्यातून स्टार्टरकडे गेलेली वायर.
आत भाकरीच्या जागी हिरवी पाटी,
तिच्यावर माझे सोल्डरचे थेंब, काही चकचकीत,
काही थंड पडलेले, तिसऱ्यांदा तापवलेले.
खाली स्कूटरची जुनी बॅटरी.
रिले लागतो तेव्हा
दाताखाली सुपारी फुटल्यासारखा आवाज येतो.

थ्रीफेज येते रात्री दोनला, कधी सव्वातीनला,
आणि मामाचा गुडघा बांध उतरायला नको म्हणतो.
गणपत गल्लीत मॉड्यूल घेताना दुकानदारानं विचारलं,
"प्रोजेक्ट का? कुठलं कॉलेज?"
मी म्हटलं, ऊस.

पहिली अडचण शब्दाची.
पाटीला देवनागरी येत नाही, कन्नडही येत नाही,
इंग्रजी अक्षरं तेवढी ओळखते.
आणि विहिरीचे वाटेकरी दोन,
मामा, आणि पलीकडचा शिवलिंगप्पा.
बारा-बारा तासांची पाळी, तीन पिढ्यांची.
मी "सुरू" लिहिलं. खोडलं.
मग दोघांना आपापल्या भाषेत भांडताना ऐकलं
आणि सापडले:
चालू. बंद.
इकडेही तेच, तिकडेही तेच,
कुठून आले ते कुणी विचारत नाही.

रवळूमामानं आयुष्यातला पहिला मेसेज
माणसाला नाही, मोटरीला पाठवला.
दोन्ही अंगठ्यांनी, ओठ हलवत.
मोटर हलली नाही.
मी उघडून बघितलं, तर आत:
"बये चालू हो बघू"
आणि खाली पाटीचं उत्तर, आज्ञा समजली नाही.
शिवलिंगप्पाचंही तेच,
"चालू आगव्वा तायी."
एका शब्दात हुकूम सोडायची
दोघांनाही सवय नाही.
त्यांना शिकवण्यापेक्षा पाटीला शिकवणं सोपं.
रात्रीत प्रोग्राम बदलला:
वाक्यात कुठेही तो शब्द मिळाला की पुरे,
बाकी आर्जव असलं तर असू दे.

आठवडाभर पाणी नीट.
मग एका गुरुवारी सऱ्या कोरड्या.
मामानं चारदा पाठवलं होतं, चौथ्यात शिवीही होती.
डबा उतरवला, सिम माझ्या फोनात घातलं.

वीस मेसेज. टॉवर दोन, मजकूर एकच.
शिनोळीचा म्हणतो, महाराष्ट्रात आपले स्वागत आहे.
तुरमुरीचा म्हणतो, कर्नाटकात आपले स्वागत आहे.
डबा जागचा हलला नव्हता.
वाऱ्यानं अँटेना जराशी झुकायची
आणि तो रात्रभर राज्य ओलांडत बसायचा.
सिममध्ये वीसच निरोपांची जागा.
इतकं स्वागत झालं
की पाणी मागणाऱ्याला शिरायला वाव उरला नाही.

मामाला दाखवलं.
त्यानं चष्मा कपाळावर नेला, फोन नाकाशी धरला,
एकेक वाचून काढला, वीसच्या वीस.
म्हणाला, "एवढी बोलावणी, आणि चा कुठाय?"

आता दर मिनिटाला एक काम जास्त:
वाच. दोघांपैकी कुणाचा नसेल तर पूस.
त्या वीसमधला एक मी ठेवलाय.
कुठला, ते घरात कुणाला सांगितलं नाही.

डब्यातला दिवा टॉवर शोधताना घाईनं लुकलुकतो,
सापडला की तीन सेकंदांनी एकदा.
अजूनही मध्येच बावरतो,
पुन्हा संथ होतो.

दोन वाजून दहा. उशाशी फोन थरथरतो,
वीज आली.
मी काही करत नाही, पाळी शिवलिंगप्पाची.
पलीकडच्या पडवीत एक स्क्रीन उजळते,
तिच्या उजेडात हनुवटी, मिशी, हलणारे ओठ.
बराच वेळ झाला.
आज काहीतरी लांबलचक लिहितोय.