वही क्रमांक चौदा

गायधनींची वही माझ्या टेबलाएवढी लांब.
लाल फडक्यातून निघते तेव्हा
कापूर आणि डांबरगोळ्यांचा वास
मालेगाव स्टँडच्या या एवढ्याशा दुकानात मावत नाही.

"फोनवर उघडलं पाहिजे," वामनराव सांगतात,
"यजमान हल्ली रामकुंडावर उभे राहून
पणजोबा व्हॉट्सॲपवर मागतात."

मग जेपेग.
हलकं, सालस, कुठेही उघडणारं.
खोड एकच :
डोळ्याला कळणार नाही म्हणत
थोडं थोडं खाऊन टाकतं.
पुन्हा साठवलं की पुन्हा एक घास.

तौसीफ म्हणाला, काळं-पांढरं कर ना ताई,
शंभर केबीत पान, कोर्टाचे कागद असेच जातात.
केलं.
शाई ताठ उभी राहिली,
तेलाचा डाग गेला, कसरीची वाट गेली,
घराणं कालच छापल्यासारखं.

पान दोनशे सहा.
वैजापूरचे कोणी लासुरे, शके अठराशे पंचवीस.
बाप, चुलते, चुलत चुलते
मोडीत, एका दमात, बोरू न उचलता.
आणि शिवणीपाशी, शिसपेन्सिलीनं, बाळबोधीत :
मुलगी. नाव ठेवणे राहिले.

शंभर केबीत ती नव्हतीच.
जेपेगमध्ये होती, धुळीएवढी;
मोठी करायला गेले तर चौकोन चौकोन झाली.
टिफमध्ये पेन्सिलीचं टोक मोडलेलंही दिसलं.

सव्वाशे एमबी. एक पान.
अशी चारशे बारा, अशा एकोणीस वह्या.
हार्डडिस्कची किंमत ऐकून
वामनरावांनी उपरणं खांद्यावर सारखं केलं.
मी म्हटलं, टिफचीही घडी घालता येते,
लुगड्यासारखी; उलगडलं की काठापदरासकट तेवढंच.
पण घडीलाही कपाट लागतंच.

ते स्क्रीनला नाक लावून बराच वेळ वाचत राहिले.
"हे आमच्यातल्या कुणाचं अक्षर नाही.
वहीला पेन्सिल लावायची नाही,
हा आजोबांचा दंडक."
मग कोणाचं?
रिक्षावाला बाहेर हॉर्न वाजवत होता.
"मोठ्यातच ठेवा," म्हणाले. "सगळ्या नाही जमल्या
तर ही एक वही."

सेव्ह दाबलं.
मशीन नाव विचारतं,
नावाशिवाय ठेवून घेत नाही.
माझी बोटं जरा थांबली.
मग चौदा, अधोरेषा, दोनशे सहा.

फोनसाठी वेगळी, छोटी, जेपेग.
तिचे पैसे मी लावले नाहीत.