केंपु, कप्पु

तिसऱ्या गेटावर आधी फाटक होतं.
फाटक पडलं की मी उतरून उभी राहायचे,
मालगाडीचे डबे मोजायचे,
माझे डबे हँडलला लटकलेले, निवत.
मग पूल झाला.
सगळे म्हणाले, सुटलो एकदाचे.
मी चढाच्या मध्यावर उतरले
आणि बत्तीस जणांचं जेवण ढकलत नेलं,
रोज, उद्यमबागेच्या भोंग्याआधी.

गाडी घे म्हणाले. म्हणायला काय जातं.
शोरूममधल्या पोरानं किंमत सांगितली,
मी पाणी मागितलं,
पिऊन परत आले.

सायकल जुनीच, बिनदांड्याची.
उधारीच्या वहीत मागच्या पानावर लिहून काढलं:
मोटर चोवीस व्होल्टची, दस्तगीरच्या भंगारातून,
कुणा पोराच्या बंद पडलेल्या स्कूटरची,
तिच्यावर स्टिकर अजून तसंच, चिन्नू.
बॅटऱ्या दोन, बँकेच्या यूपीएसमधून रिटायर झालेल्या.
मुठीतला थ्रॉटल. फ्यूज.
कंट्रोलर मात्र नवा, तिथं चिकटपणा नको,
ईरय्यानं बजावून सांगितलेलं.
मोटर बसवायची पट्टी मजुकरांच्या लेथवर,
उरल्या तुकड्यातून, फुकट.
फुकट म्हणजे सात दिवस शेंगाचटणी जास्त.
बेरीज केली. खालून वर परत केली.
तेवढीच आली,
मग चेन जुनी घेतली.

ईरय्या मोटरी वाइंडिंग करतो.
मराठी येतं त्याला, चांगलं येतं,
पण हातात सोल्डर असला की तो कन्नडच बोलतो.
आणि माझं कन्नड बाजारापुरतं,
एष्टु, साकु, नाळे बा.
किती, पुरे, उद्या ये.
तेवढ्यावर वीस वर्षं धंदा झाला.

रविवारी दुकानामागं सायकल उलटी ठेवलेली,
चाकं आभाळाकडं.
तो वाकलेला, दातात टेप धरलेला,
हात माझ्याकडं पसरून म्हणाला, केंपु.
मी काळी वायर दिली.
कप्पु, म्हणाला.
मी लाल दिली.
इतका भरवसा, की बघितलंसुद्धा नाही.

मूठ पिळली.
मोटर गायला लागली,
चेन धावायला लागली, मागं मागं,
आणि चाक जागच्या जागी.
टकटक टकटक टकटक,
फ्रीव्हील आपलेच दात मोजत बसलेलं.
शेजारच्या चहावाल्यानं मान वर केली.
मला वाटलं गेले पैसे,
बत्तीस डब्यांचे, तीन महिन्यांचे.

ईरय्यानं टेप थुंकला.
वायरी बघितल्या, मग मला बघितलं.
अक्का, रक्त असतं ते केंपु.
केस असतात ते कप्पु.
माझे आता कुठं कप्पु, मी म्हटलं.
बिळि, म्हणाला तो, आणि हसला,
आणि दोन वायरींची अदलाबदल केली
चहा गार व्हायच्या आत.

सोमवारी पुलावर
नेहमीच्या जागी, दिव्याच्या चौथ्या खांबापाशी,
पाय आपोआप खाली आला.
सायकलीला ती सवय नव्हती.
ती पुढं निघाली, मी एका पायावर तिच्यामागं,
डबे खणखणले, मागच्या टेंपोनं हॉर्न दिला,
आणि पाय परत पायडलवर कधी गेला
ते मला सांगता येत नाही.
वर पोचले तेव्हा
खालून मालगाडी चाललेली.
डबे मोजायला मी थांबले नाही.
पाचच मोजले, जाता जाता.

बॅटऱ्या म्हाताऱ्याच. जाऊन येऊन संपतात.
रात्री चुलीशेजारी त्या चार्जिंगला, मी पिठाला.
वजन त्यांचंच आठ डब्यांचं,
म्हणजे चाळीस जेवणं वाहतेय
आणि पैसे बत्तीसांचे.
हा हिशोब मी वहीत लिहिला नाही.

मजुकरांनी घड्याळ बघितलं.
लवकर येऊलालीस गे, म्हणाले.
भाकरी मोडली, वाफ निघाली तिच्यातून.
पहिला घास खाल्ला,
दुसरा खाल्ला,
आणि विचारलं,
चटणी कमी केलीस काय?