स्थळपाहणी

अर्जात एक रकाना आहे : तारण.
त्यापुढे दीड इंच जागा.
तेवीस वर्षं मी त्यात घरं बसवली,
विहिरी, शिवणयंत्रं, पाटल्यांचे जोड,
एकदा बँडवाल्याचं ट्रॉम्बोन.

आज सकाळी दिवे घाट चढून गेले.
अलका झेंडे बांधावर उभी,
हातात फाईल नाही, चाळण.
"अंजीर तोडल्यावर दीड दिवस थांबतं, मॅडम.
टेंपोत तेवढंही नाही.
पिकलं की ते कुणाचं ऐकत नाही."
तिला उन्हावर चालणारं वाळवणयंत्र हवंय, काचेच्या झाकणाचं.
किलोमागचा हिशेब तिने
एका पाठकोऱ्या लग्नपत्रिकेवर मांडलेला,
आणि तो माझ्या हिशेबापेक्षा बरोबर निघाला.

मी व्याजाचा दर सांगितला.
ती म्हणाली, "मी सभासद आहे.
मागल्या साली लाभांश आला एकशे वीस रुपये.
म्हणजे बँकेच्या भिंतीत माझाही एक खिळा आहे.
खिळ्याला सवलत किती?"
अर्धा टक्का. परिपत्रकातच होता,
सांगायला मी विसरले होते.
(खरं तर विसरले नव्हते.)

जामीनदार दोन : थोरली जाऊ, आणि डेअरीतले मापाडी.
दोघांनी सहीआधी पेन झटकून पाहिलं.

दुपारी सहकारनगर.
चोवीस बिऱ्हाडांची सोसायटी,
गच्चीवर सौर पॅनेल बसवायची आहेत,
पंप आणि लिफ्ट उन्हावर चालवायची आहे.
सचिव निर्मला दुगड यांनी ठराव वाचला,
सूचक, अनुमोदक, बहुमताने मंजूर,
आणि खाली शाईने :
फ्लॅट नंबर सात यांचा विरोध नोंदवून.

फ्लॅट नंबर सात म्हणजे आठल्ये सर, भूगोलाचे.
गुडघ्यावर हात ठेवत चार मजले चढले,
खडूने गच्चीवर रेघ मारली.
"थांबा. तीन चाळीसपर्यंत."

थांबलो. कुणीतरी ताक आणलं.
तीन अडतीसला
पश्चिमेच्या चौदा मजली इमारतीची सावली
कठडा ओलांडून आत आली, चपला न काढता,
आणि दोन मिनिटांत रेघेला टेकली.
"मी ठरावाच्या विरोधात नाही," सर म्हणाले,
"मी पृथ्वीच्या बाजूने आहे. ती फिरते."

सगळे हसले. मला हसू आलं नाही.
त्या इमारतीचं कर्ज आमच्याच बँकेचं.
तपासणीची सही माझी,
सहा वर्षांपूर्वीची, हिरव्या शाईतली.
तारण : जमीन, बांधकाम, हमीपत्र.
सावली कुठे पडेल
हा रकाना तेव्हा नव्हता. आजही नाही.
आणि तिथेही माणसंच राहतात की,
नवव्या मजल्यावर आमच्या रोखपालाची लेक,
गृहप्रवेशाचे पेढे मीही खाल्लेत.

सांगितलं का त्यांना?
हो. जिन्यात, उतरताना, आवाज खाली घेऊन.
दुगडबाई एक पायरी थांबल्या.
"ठेवी आमच्याच ना त्यात?" म्हणाल्या.
"म्हणजे आमचंच ऊन आम्ही उसनं दिलं."
मग किल्ल्यांचा जुडगा हलवत पुढे झाल्या.

रात्री अहवाल लिहिला.
पॅनेल पूर्वेच्या अंगाला सरकवावीत,
अठ्ठावीसऐवजी एकवीस.
पंप चालेल. लिफ्ट दुपारनंतर नेहमीच्या विजेवर.
मंजुरीस शिफारस, रक्कम कमी करून.
झेंडे यांचं वाळवणयंत्र : शिफारस, पूर्ण रकमेस.
अर्धा टक्का सवलतीसह.

आणि छापील रकाने संपले तिथे, समासात,
पेन्सिलने,
म्हणजे वरच्या साहेबांना खोडायचं तर खोडता येईल,
एक प्रश्न वाढवला :
या कर्जाची सावली कुणावर?

पर्समध्ये अलकाने न विचारता टाकलेलं
एक अंजीर होतं. ते फुटलं,
अर्जाचा कोपरा जांभळा झाला.
पुसलं नाही. तसंच लिहिलं :
सोबत जोडले, कागद अकरा, डाग एक.