डावा, मागचा

गेरा शहरात, बंद गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
आमची कंपनी आहे.
खुर्च्या विकते. बागेतल्या, घडीच्या, सागवानी.
गोदामात खुर्ची एकही नाही.
गोदामही नाही.

सरकारनं काढलीय ती,
नोकरी सुटलेल्यांची सवय सुटू नये म्हणून.
सकाळी आठला सही.
पाच मिनिटं उशीर झाला तर भत्ता कापतात,
आणि तो मात्र खराखुरा.

मी हिशेबाला. त्याआधी एकवीस वर्षं
चिनीमातीच्या कारखान्यात बशांच्या कडेला
निळी रेघ ओढत होते.
हात हलवायचा नाही, बशी फिरवायची.
रोजगार कचेरीतल्या बाईनं विचारलं, कौशल्य?
म्हटलं, रेघ.
तिच्या संगणकात रेघेला रकाना नव्हता.
तिनं "इतर"वर टिचकी मारली.

वोल्फ्राम विक्री बघतो.
लिंझच्या एका हॉटेलला परवा चाळीस खुर्च्या विकल्या त्यानं,
घसा बसेपर्यंत घासाघीस करून.
तेही हॉटेल नाहीच. तिथं आमच्यासारखेच बारा जण
नसलेल्या टेबलांची आरक्षणं घेत बसलेत.
पैसे येतात. बँक आहे, तीही तसलीच.
मार्चात आम्ही चक्क नफ्यात होतो.
निझारचं अलेप्पोत साबणाचं दुकान होतं. तो म्हणाला,
"माझ्या दुकानाला असा मार्च कधी दिसला नाही."
हसलो सगळे. मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
नफ्याचं करायचं काय, ते नियमावलीत नव्हतं.

मंत्रालयातून एक साहेब पाहणीला आले.
उभ्या उभ्याच म्हणाले, छान.
आम्ही त्यांना कॅटलॉग दिला.

नोव्हेंबरात आनेग्रेटला कामावरून काढलं,
सरावासाठी. बडतर्फीचं पत्र कसं लिहितात ते शिकायला.
टाइप तिनंच केलं. समास, तारीख, सगळं जिथल्या तिथं.
वाचून पाहिलं आणि म्हणाली,
"खऱ्या पत्रात माझं नाव चुकलं होतं.
ह्यात बरोबर आहे."

आणि मग फेब्रुवारीत लिंझहून तक्रार:
सतरा नंबरच्या खुर्चीचा एक पाय डुगडुगतो.

माफीचं पत्र लिहिलं, नमुना क्रमांक चार.
घरी गेले. जेवले. दिवा मालवला.
पाय डुगडुगत राहिला.
कुठला? पुढचा? मागचा?
कुणी बसलेलं असलं तर, जड अंगाचं,
हातात कढत सुपाचा वाडगा?
एकवीस वर्षांत माझ्या हातून
वाकडी रेघ दाराबाहेर गेली नव्हती.

सकाळी नियम मोडून फोन लावला.
पलीकडे वाल्बुर्गा नावाची कुणी.
"तुमची सतरा नंबरची," म्हटलं, "कुठला पाय?"
ती गप्प. कागद चाळल्याचा आवाज,
तिच्या कागदात काही नसणार, मला ठाऊक होतं.
मग हळूच, "डावा. मागचा.
सध्या पुठ्ठ्याची घडी सरकवलीय खाली."
"जड माणसाला बसवू नका."
"छे. तिथं मीच बसते."

एप्रिलपासून मी गोदामात. खरोखरच्या.
सहा महिन्यांचा करार.
कचेरीच्या तक्त्यात माझं नाव हिरव्या रकान्यात गेलंय,
तिथून त्यांना ते दिसत नाही.
पट्ट्यावरून खोके येतात, खोके जातात.
आत काय, विचारायचं नसतं.
काल एक आला, रुंद, बुटका, एका बाजूला कलता.
मी त्याला धरून
हलवून पाहिलं.

चार सेकंद कापले माझे.