स्टेपनीची हवा

रविवारी दुपारी, कांजूरमार्गच्या सोसायटीत,
एकोणीस नंबरच्या खांबापाशी
मी डिकी उघडून बसलेय.
"पंक्चर?" डिंगणकरांनी विचारलं, हातात दुधाची पिशवी.
"नाही."
"मग?"
ह्या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
लिफ्ट येईपर्यंत ते मान वळवून बघत राहिले.

आधी निघाल्या दोन छत्र्या, एक मोडकी,
रद्दीत घालायचे राहिलेले पेपर,
शौनकचा एका पायातला फुटबॉलचा बूट,
चार नंबरचा. आता तो दहा नंबर घालतो, हैदराबादेत.
मग गालिचा, मग पुठ्ठा,
आणि त्याखाली ही,
पालथ्या परातीसारखी, बारा वर्षं.

अंगावरची रबरी लव अजून तशीच.
बाकीची चार चाकं दोनदा बदलली,
पवईचा चढ, जोडरस्त्याचे खड्डे, सगळं त्यांनी खाल्लं.
हिला डांबर ठाऊक नाही.
तरी कडेला बारीक भेगा.
कोपऱ्यावरचा कुट्टन म्हणाला होता,
"टायर बसून बसून पण म्हातारा होतो, मॅडम."
माझ्याकडे बघून नव्हता म्हणाला. तरी.

अंगठ्यानं दाबली. दबली.
काटा नऊवर. पाहिजेत तेहेतीस.

पंप शौनकनंच पाठवलेला,
खोक्याची चिकटपट्टीही सुटली नव्हती.
लायटरच्या भोकात खुपसला, इंजिन चालू केलं,
तर पिठाच्या गिरणीसारखा धडधडत
फरशीवरून आपणच चालू लागला.
वॉचमन धावत आला.
मी त्याला पायानं अडवून धरलं, पंपाला,
आणि काट्याकडे बघत राहिले.
चौदा. एकोणीस. बराच वेळ एकोणीस.

तेहेतीसला बंद केला.
व्हॉल्व्हवर थुंकी लावली. बुडबुडा नाही.

मग म्हटलं, बघू तरी
वायर चारही चाकांना पुरते का.
पुढच्या दोघांना, हो.
मागच्या डाव्याला, दार उघडं ठेवून, ताणून.
मागच्या उजव्याला
वीतभर कमी.

ह्यावर काय करायचं, अजून माहीत नाही.
कुट्टनला विचारेन.
पण ही वीत मला
ऐरोलीच्या पुलावर, रात्री पावणेदोनला,
मागचा डंपर हॉर्न दाबून बसलेला असताना
नाही मोजावी लागली.

सगळं होतं तसं लावलं. गालिचा झटकला.
मोडकी छत्री टाकली, पेपर टाकले.
बूट परत ठेवला,
स्टेपनीच्या मधल्या खळग्यात.
त्याचा जोडीदार कुठं आहे कोण जाणे.