पान सत्तेचाळीस

कार्डिफच्या न्यायाधिकरणात माझं काम एवढंच:
कागद मोजायचे, आकडे टाकायचे,
पाच प्रती काढून फायलीत ओवायच्या.
वाचायचं नसतं. पण यंत्र तापेपर्यंत
डोळे ठेवायचे कुठे?

पान सत्तेचाळीसवर तो शब्द आहे.
हिबो वारसमेच्या अक्षरात, पहिलं अक्षर
आणि पुढे नुसती टिंबं.
बाजूला वकिलाची पेन्सिल: पूर्ण लिहा.
कायद्याला टिंबं कळत नाहीत.

बेकरीत तिला अकरा वर्षं झाली. रात्रपाळी.
तिचा कप वेगळ्या खुंटीला,
कानाला निळी चिकटपट्टी.
कोणी लावली, कोणालाच ठाऊक नाही.
पान बावन्नवर त्याचा फोटो आहे.
फोटोत तो कपासारखाच दिसतो,
हीच तर पंचाईत.

आज तिला विचारलं,
मुकादम नेमकं काय म्हणाले, सांगाल?
मागच्या रांगेत तिची मुलगी, अंगात शाळेचा कोट,
आईला धीर द्यायला आलेली.
हिबो पाण्याच्या ग्लासकडे बघत राहिली.
मग म्हणाली, माझ्या तोंडून?
न्यायाधीशबाई हळूच म्हणाल्या,
हो. तुमच्याच.

कलम सव्वीस मला पाठ आहे.
नकोसं वर्तन. माणसाची प्रतिष्ठा.
चांगलं कलम आहे, उगाच नावं ठेवणार नाही.
माझे वडील गोदीत होते, तेव्हा ते नव्हतं.
तेव्हा हा शब्द आमच्या जेवणाच्या टेबलावर असे
मिठाच्या भांड्याशेजारी.
लागेल तसा चिमूटभर.
मीही हसले असेन. सात-आठ वर्षांची होते.
असेन काय, हसलेच.

हिबो बोलली. एकदाच, स्पष्ट.
मुलगी कोटाचं वरचं बटण लावत होती,
ते लागलेलंच होतं.
एम्लिन मुकादमाने मान वर केली,
जणू कोणी त्यालाच हाक मारली.

निकाल सहा आठवड्यांनी, टपालाने.
मधल्या सुट्टीत मी तिच्यासाठी चहा करायला गेले.
फळीवर चार कप.
इतका वेळ कधी लागला नव्हता मला
एक कप उचलायला.
शेवटी माझाच दिला.
तिने दोन्ही हातांत धरला, आभार मानले,
आणि तेव्हा मला दिसला
त्याच्या काठाचा उडालेला टवका,
नेमका तिच्या ओठांशी.